किरणोत्सर्गी राडारोडा : त्याची विल्हेवाट कशी ठरवावी ?

खराडी हें आतां केवळ मुळा-मुठेच्या कांठचें खेडें राहिलेलें नाहीं. जुनीं घरें पाडलीं जातात, त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहतात, आणि पाडलेल्या प्रत्येक भिंतीबरोबर एक प्रश्न मागें उरतो : हा राडारोडा टाकावयाचा कोठें ? पुण्याकडील मुलांना राडारोडा या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाहीं. विटांचे तुकडे, उखडलेला गिलावा, वांकलेल्या सळया, फुटक्या फरश्या आणि माती हें सर्व त्या एका शब्दांत येतें. रात्रीच्या वेळीं तो नदीपात्रांत लोटून देणारे लोकही आहेत. त्यामुळें पात्र अरुंद होतें, आणि पावसाळ्यांत पाणी कोणाच्या तरी घरांत शिरतें. टाकणाऱ्याला वाटतें कीं आपली अडचण संपली. वास्तविक ती दुसऱ्याच्या दारांत जाऊन बसलेली असते.

या लेखांत आम्ही अधिक कठीण अशा एका राडारोड्याचा विचार करणार आहों. अणुभट्टी जुनी होऊन बंद पडली, किंवा एखाद्या अणुकेंद्रांत अपघात झाला, म्हणजे ती जागा स्वच्छ करावी लागते. तेथेंही भिंती, नळ, सळया, माती यांचे ढीग निघतात; पण त्यांतील कांहीं भाग किरणोत्सर्गी असतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, त्याला वास नाहीं, आणि हाताला तो साध्या दगडासारखाच लागतो. अशा राडारोड्याचें काय करावें हें कोणत्या विचारानें ठरवितात, तें विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें हा या लेखाचा हेतु आहे. आमच्या महाराष्ट्रांत ट्रॉम्बे व तारापूर हीं दोन मोठीं अणुकेंद्रें आहेत. तेव्हां हा विषय आपणांस परका नाहीं.

१. दगड किरणोत्सर्गी कसा होतो ?

अणुभट्टींत युरेनियमचे अणू फुटतात. त्यांतून उष्णता निघते, न्यूट्रॉन नांवाचे सूक्ष्म कण सुटतात, आणि फुटलेल्या अणूंचे जे तुकडे उरतात त्यांतील पुष्कळसे किरणोत्सर्गी असतात. या भट्टीच्या परिसरांतील वस्तु दोन रीतींनीं दूषित होतात.

पहिली रीत लेपाची. भट्टींतून फिरणाऱ्या पाण्याबरोबर किरणोत्सर्गी द्रव्याचे कण नळांच्या आंतल्या अंगास, फरशीवर व भिंतींवर बसतात. चुलीजवळच्या भिंतीवर काजळी धरावी तसा हा प्रकार आहे. येथें दोष पृष्ठभागावर असतो. वरचा पातळ थर खरवडून काढला, कीं आंतील कांक्रीट बहुधा आपल्या घराच्या कांक्रीटासारखेंच निर्दोष निघतें.

दुसरी रीत याहून खोल जाणारी आहे. न्यूट्रॉन वस्तूच्या अंतरंगांत शिरून तिचे अणूच पालटून टाकतात. पोलादांत कोबाल्टचा अल्प अंश असतो. त्याच्या अणूनें एक न्यूट्रॉन गिळला कीं तो कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी अणू बनतो. भट्टीलगतच्या कांक्रीटांतील युरोपियमचेंही तसेंच होतें. हा दोष घासून वा धुवून जात नाहीं. तो हाडीं-मांसीं खिळलेला असतो.

म्हणून पाडकाम करणाऱ्यांचें पहिलें काम कुदळ मारण्याचें नसून मोजण्याचें असतें. कोणती भिंत केवळ माखलेली आहे, कोणती आंतून पालटलेली आहे आणि कोणती अगदीं साधी आहे, हें प्रत्येक खोलीचा नकाशा करून आधीं ठरवावें लागतें. न मोजतां सर्व एकत्र पाडलें, तर मूठभर दोषामुळें गाडाभर निर्दोष माल बाटतो.

२. काळाचें गणित

साध्या कचऱ्याला आपण जाळतों, कुजवितों, वितळवितों. किरणोत्सर्गी अणूवर यांपैकीं कशाचाही परिणाम होत नाहीं. आगींत घातला तर तो धुरांत किंवा राखेंत जातो, आम्लांत घातला तर आम्लांत जातो. त्याचा गुण जात नाहीं. त्याच्यावर एकच औषध चालतें, आणि तें म्हणजे काळ.

प्रत्येक जातीच्या किरणोत्सर्गी द्रव्याचा ठराविक मुदतींत निम्मा भाग नाहींसा होतो. या मुदतीला अर्धायुष्य म्हणतात. आयोडीन-१३१ याचें अर्धायुष्य ८ दिवस, कोबाल्ट-६० याचें ५.२७ वर्षें, सीझियम-१३७ याचें सुमारें ३० वर्षें, आणि प्लुटोनियम-२३९ याचें सुमारें २४,००० वर्षें आहे. दहा अर्धायुष्यें लोटलीं म्हणजे मूळच्या द्रव्याचा १/१०२४, म्हणजे जवळजवळ हजारावा भाग उरतो. या हिशेबानें आयोडीनला ८० दिवस सांभाळलें पाहिजे, कोबाल्टला ५३ वर्षें, सीझियमला ३०० वर्षें, आणि प्लुटोनियमला सुमारें २,४०,००० वर्षें.

हे आंकडे कागदावर लिहिणें सोपें आहे. त्यांचा अर्थ मनांत उतरविणें कठीण आहे. शनिवारवाड्याचा पाया इ. स. १७३० सालीं घातला गेला. १८१८ सालीं पेशवाई संपली, आणि १८२८ सालीं वाडा आगींत जळाला. म्हणजे ८८ वर्षांत वाडा राखणारी सत्ता गेली, व ९८ वर्षांत वाडाही गेला. त्या पायाबरोबरच जर कोणी सीझियमची एक पेटी पुरली असती, तर तिचीं तीनशें वर्षें अद्यापि पुरीं झालीं नसतीं. पेटी मात्र पुरणाऱ्याच्या पणतवंडांच्याही पुढील पिढ्यांच्या हवालीं झाली असती.

यावरून आमच्या मतें या विषयाचें मुख्य सूत्र हातीं लागतें. विल्हेवाट म्हणजे टाकून देणें नव्हे, तर मुदत ठरवून सांभाळणें होय. आणि रखवालदाराचें आयुष्य मालाच्या आयुष्याहून अधिक असलें पाहिजे. ज्याची मुदत महिन्यांची आहे त्याला कुलूपबंद खोली पुरते. ज्याची मुदत शतकांची आहे त्याला पक्का चर व राखणारी संस्था पाहिजे. ज्याची मुदत लक्षावधि वर्षांची आहे त्याला माणूस राखूं शकत नाहीं; तो खडकाच्याच स्वाधीन केला पाहिजे.

३. वर्गवारी

हें सूत्र धरून राडारोड्याचे वर्ग पाडतात.

पहिला वर्ग मुक्त करण्याजोग्या मालाचा. ज्या मालापासून कोणाही माणसास वर्षाकाठीं सुमारें १० मायक्रोसीव्हर्टहून अधिक किरणमात्रा मिळण्याचा संभव नाहीं, तो साधा राडारोडा समजावा असा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. आकाशांतून, जमिनींतून, श्वासांतून व अन्नांतून निसर्गतःच आपणांस जी मात्रा मिळते, ती जगाच्या सरासरीनें वर्षाला सुमारें २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे त्या मर्यादेच्या २४० पट आहे. मोडलेल्या अणुकेंद्राच्या राडारोड्याचा बहुतेक भाग या पहिल्या वर्गांत बसतो. येथें एक पथ्य मात्र कडक आहे : दूषित माल निर्दोष मालांत मिसळून सरासरी खालीं आणावयाची नाहीं. दुधांत पाणी घालण्यासारखाच तो अपराध होय.

दुसरा वर्ग अल्पायुषी मालाचा. रुग्णालयांतील आयोडीनसारखा माल बंदोबस्तांत ठेवून थांबलें कीं काम होतें.

तिसरा वर्ग शतकांपर्यंत सांभाळण्याच्या मालाचा. माखलेले नळ, खरवडलेलें कांक्रीट, गाळण्या, हातमोजे, कपडे हे येथें येतात. प्रथम त्यांचें आकारमान कमी करितात. जळणारें असेल तें धूर गाळणाऱ्या विशेष भट्टींत जाळतात, दाबण्याजोगें असेल तें यंत्रानें दाबतात, आणि राख वा गाळ सिमेंटांत घट्ट बसवितात. नंतर हा माल जमिनीच्या वरच्या थरांत बांधलेल्या जागेंत ठेवितात. सौम्य मालाला दगडी अस्तराचे चर, त्याहून तीव्र मालाला लोखंडी सळयांच्या कांक्रीटाचे चर, आणि त्याहूनही तीव्र मालाला पोलादी अस्तराचे कूप असतात. हे कूप सुमारें चार मीटर खोल असतात. भोंवतालीं विहिरींसारखीं छिद्रें पाडून तेथील पाणी वेळोवेळीं तपासतात. कारण पुरलेलें द्रव्य बाहेर निघालें तर तें बहुधा पाण्याच्या वाटेनेंच निघतें.

चौथा वर्ग उग्र व दीर्घायुषी मालाचा. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया केल्यावर उरणारा द्रव या वर्गांतील होय. तो बोरोसिलिकेट जातीच्या कांचेंत वितळवून एकजीव करितात व पोलादी डब्यांत ओततात. कांचेंत मुरलेलें द्रव्य पाण्यांत सहजासहजीं विरघळत नाहीं; रंगीत कांचेच्या बांगडीचा रंग धुतल्यानें जात नाहीं, तसेंच हें आहे. हे डबे आपल्याच उष्णतेनें तापलेले असतात, म्हणून कित्येक दशकें त्यांना वाहत्या हवेनें थंड होऊं द्यावें लागतें. त्यानंतर त्यांची अखेरची जागा म्हणजे शेंकडों मीटर खोल असलेला अभंग खडक.

वर्गवारी चुकली किंवा चिठ्ठी हरवली तर काय होतें, याचें उदाहरण आपल्याच देशांत घडलें. १९७० सालाच्या सुमारास आणलेलें कोबाल्ट-६० चें एक उपकरण एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत वर्षानुवर्षें न वापरतां पडून होतें. २०१० सालीं तें भंगार म्हणून लिलांवांत विकलें गेलें आणि दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारांत त्याची मोडतोड झाली. तेथील कामकऱ्यांना हातांत काय आलें आहे हें माहीत नव्हतें. कित्येक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. मग सांपडलेलें कोबाल्ट नरोरा येथील अणुविद्युत् केंद्रांत नेऊन ठेवावें लागलें. येथें विज्ञान अपुरें पडलें नव्हतें; एक नोंद अपुरी पडली होती.

४. आज मोडावी, कीं उद्यां ?

आतां आपण निर्णयाच्या खऱ्या पेंचाकडे वळूं. बंद झालेली अणुभट्टी लगेच मोडावी, कीं पन्नास वर्षें कुलूप घालून ठेवावी ?

थांबण्याच्या बाजूनें मोठा मुद्दा आहे. कोबाल्ट-६० हें पाडकाम करणाऱ्यांस अपाय करणाऱ्या द्रव्यांतील एक प्रमुख द्रव्य होय. ५३ वर्षें थांबलें तर त्याचा हजारावा भागच उरतो. जें काम आज दुरून, यंत्राच्या हातांनीं करावें लागेल, तें उद्यां मजूर जवळ जाऊन करूं शकेल. राडारोड्यांतील पुष्कळसा माल तिसऱ्या वर्गांतून पहिल्यांत उतरेल.

लगेच मोडण्याच्या बाजूचा मुद्दाही तितकाच वजनदार आहे. ज्यांनीं ती भट्टी चालविली ते लोक आज हयात आहेत. कोठें गळती झाली होती, कोणता नळ नंतर बदलला, कोणती भिंत नकाशांत नाहीं, हें त्यांना ठाऊक आहे. पन्नास वर्षांनंतर हें ज्ञान त्यांच्याबरोबर गेलेलें असेल. शिवाय ज्यांनीं त्या विजेचा उपयोग केला नाहीं त्या नातवंडांवर मोडणीचा खर्च पडेल. तिसरा एक मार्ग सर्वच कांक्रीटाखालीं कायमचें गाडून टाकण्याचा आहे. पण भीषण अपघाताखेरीज इतर ठिकाणीं त्याची शिफारस करीत नाहींत, कारण मग ती जागाच एक न निवडलेलें कबरस्थान होऊन बसते.

या वादाचा एकच निकाल सर्व ठिकाणीं लागू पडत नाहीं. जेथें कोबाल्टसारखीं अल्पायुषी द्रव्यें मुख्य आहेत, इमारत मजबूत आहे आणि राखणारी संस्था स्थिर आहे, तेथें कांहीं काळ थांबण्यांत लाभ आहे. जेथें प्लुटोनियमसारखीं द्रव्यें मुख्य आहेत, तेथें पन्नास वर्षांनीं कांहींच पालटत नाहीं. थांबणें म्हणजे निव्वळ टाळाटाळ ठरते. पण थांबावयाचें ठरलें तरी दोन गोष्टी त्याच दिवशीं केल्या पाहिजेत : भट्टीचा सर्व वृत्तान्त लिहून ठेवणें, आणि मोडणीचा पैसा बाजूला काढणें.

५. ट्रॉम्बे व तारापूर

मुंबईजवळ ट्रॉम्बे येथें ४ ऑगस्ट १९५६ रोजीं अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. ती पाण्याच्या हौदांत बसविलेली लहानशी संशोधन-भट्टी होती. अर्धशतकाहून अधिक सेवा करून ती २००९ सालीं बंद झाली, आणि तिच्या जागीं २ मेगावॅट शक्तीची सुधारलेली अप्सरा १० सप्टेंबर २०१८ रोजीं सुरू झाली. कॅनडाच्या साहाय्यानें बांधलेली व १९६० सालीं चालू झालेली ४० मेगावॅटची सायरस भट्टी ३१ डिसेंबर २०१० रोजीं कायमची बंद झाली. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांतून १९६९ सालापासून वीज मिळूं लागली. जुन्या भट्ट्यांना निरोप कसा द्यावा हा प्रश्न आतां आपल्या घरचा झाला आहे तो असा.

सुदैवानें त्याची पूर्वतयारी आपल्याकडे झालेली आहे. अणुकेंद्रांवर नियंत्रण ठेवण्यासाठीं १९८३ सालीं अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालें, आणि किरणोत्सर्गी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम १९८७ सालीं झाले. वर सांगितलेले चर व कूप अणुकेंद्रांच्याच आवारांत असतात, त्यामुळें माल दूरवर नेण्याचा धोका टळतो. तारापूर येथें उग्र द्रव कांचेंत बसविण्याचा कारखाना आहे, आणि कांचेचे डबे हवेनें थंड होत ठेवण्याचें कोठारही आहे. ट्रॉम्बे येथें तर या कचऱ्यांतूनच सीझियम वेगळें काढून कांचेच्या कांड्या करितात, व त्या रुग्णांना द्यावयाच्या रक्तावर किरण सोडण्याच्या यंत्रांत उपयोगी पडतात. एका ठिकाणचा केर दुसऱ्या ठिकाणीं औषधाच्या कामीं येतो !

तरी शेवटची पायरी अजून उरली आहे. खोल खडकांतील कायमचें निधान आजमितीस भारतांत नाहीं. फिनलंड देशानें ओल्किलुओटो येथें चारशें मीटरांहून खोल खडकांत भुयारें खणून अशी जागा बांधली आहे. तेथें वापरलेलें इंधन तांब्याच्या पेट्यांत घालून भोंवतीं फुगणारी माती ठासावयाची अशी योजना आहे.

६. परदेशांतील धडे

पूर्वीं कित्येक राष्ट्रांनीं एक सोपा मार्ग धरला होता : कचरा पिंपांत भरून समुद्रांत सोडणें. १९४६ सालापासून हें चाललें, आणि १९९३ सालीं आंतरराष्ट्रीय करारानें त्यावर पूर्ण बंदी आली. समुद्र कोणाच्याच अंगणांत नाहीं असें मानलें गेलें होतें. पण तो सर्वांच्याच अंगणांत आहे.

पॅसिफिक महासागरांतील एनेवेटाक बेटांवर अमेरिकेनें १९४८ ते १९५८ या काळांत ४३ अण्वस्त्र-स्फोट केले. १९७७ ते १९८० मध्यें बेटें साफ करण्यांत आलीं. दूषित माती व राडारोडा रुनिट बेटावरील एका स्फोटाच्या खड्ड्यांत भरून त्यावर कांक्रीटाचा घुमट चढविला. वरून पाहणारास तें मोठें भक्कम काम वाटतें. पण खड्ड्याच्या तळाला अस्तरच घातलें नव्हतें. तळचें प्रवाळ सच्छिद्र असल्यानें भरती-ओहोटीबरोबर आंतील पाणी हलतें. आंत प्लुटोनियम आहे, ज्याची मुदत लक्षावधि वर्षांची. आणि त्याचा रखवालदार म्हणजे समुद्राच्या कडेचें कांहीं इंच कांक्रीट. आमच्या सूत्राशीं हें ताडून पाहिलें म्हणजे चूक कोठें झाली तें वेगळें सांगावयास नको.

जपानांत मार्च २०११ मध्यें फुकुशिमा येथील अणुकेंद्रांत अपघात झाला. आसपासच्या शेतांची व अंगणांची वरची माती खरवडून काढतां काढतां सुमारें १ कोटि ४० लक्ष घनमीटर माती जमली. ती ओकुमा व फुताबा या गांवांच्या जमिनींवर तात्पुरती ठेविली आहे. मार्च २०४५ पर्यंत ती त्या प्रांताबाहेर नेऊन तिची अखेरची व्यवस्था करूं, असें वचन सरकारनें कायद्यानें दिलें आहे. सौम्य माती रस्त्यांच्या भरावांत साध्या मातीखालीं घालावी असा विचार पुढें आला. पण ‘आमच्या गांवांत नको’ असेंच ठिकठिकाणचे लोक म्हणूं लागले. आकडे धोका अल्प असल्याचें सांगत असतांही विश्वास बसला नाहीं. विश्वास हा काळाप्रमाणेंच सावकाश जमणारा पदार्थ आहे, आणि तो जाण्यास मात्र अर्धायुष्य लागत नाहीं.

७. शेजाऱ्यांचा प्रश्न

हा अनुभव आपणांस अगदींच नवा नाहीं. पुणें शहराचा कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या वांट्यास आला, आणि तेथील ग्रामस्थांना आपलें गाऱ्हाणें ऐकविण्यासाठीं वारंवार आंदोलनें करावीं लागलीं. कचरा किरणोत्सर्गी नसतांही असें घडलें. ज्यांनीं उपभोग घेतला ते एकीकडे, आणि ज्यांनीं वास घेतला ते दुसरीकडे, ही वांटणी न्यायाची नव्हे. अणुकेंद्राच्या राडारोड्याबाबत तर तिसराही एक पक्ष आहे. तो म्हणजे अद्यापि जन्मास न आलेलीं माणसें. तीं सभेस येऊं शकत नाहींत, अर्ज करूं शकत नाहींत.

म्हणून जागा ठरवितांना भूगर्भशास्त्रज्ञाचें मत जितकें हवें, तितकीच त्या गांवची संमतिही हवी, असें आम्हांस वाटतें. ग्रामस्थांना मोजमापाचे आंकडे त्यांच्या भाषेंत सांगावे, तपासणीच्या विहिरींतील पाण्याचा निकाल त्यांना पाहतां यावा, आणि काम बिघडलें तर माल पुन्हा बाहेर काढतां येईल अशी सोय आरंभापासून ठेवावी. पुढील पिढ्यांसाठीं नोंदी तर हव्यातच, पण त्या वाचणारेही तयार केले पाहिजेत. कार्ल्याच्या लेण्यांतील ब्राह्मी लेख दगडांत कोरलेले असूनही कित्येक शतकें कोणास वाचतां येत नव्हते. १८३७ सालच्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यानें त्या लिपीचा उलगडा केला तेव्हां ते पुन्हा बोलूं लागले. लेखन टिकलें, वाचणारे टिकले नाहींत. तेव्हां केवळ शिळेवर ‘येथें खणूं नका’ असें कोरून आपलें कर्तव्य संपत नाहीं. तो अर्थ पिढ्यान् पिढ्या शिकविणाऱ्या शाळाही चालू राहिल्या पाहिजेत.

विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें अभियंते होतील, कोणी अधिकारी, कोणी ग्रामसभेंत हात वर करणारे साधे नागरिक. कोणत्याही वस्तूची विल्हेवाट लावण्याचा ठराव समोर आला, कीं त्यांनीं तीन प्रश्न विचारावे : ही वस्तु किती काळ टिकणार ? तितका काळ तिला कोण राखणार ? आणि जेथें ती जाणार तेथील माणसांना कोणी विचारलें आहे काय ? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून दिलेली संमति ही संमति नव्हे.

अभ्यास

१. कोबाल्ट-६० चें अर्धायुष्य ५.२७ वर्षें धरून सुमारें २१ वर्षांनंतर त्याचा कितवा भाग उरेल तें काढा.

२. सीझियम-१३७ चा आठवा भाग उरण्यास किती वर्षें लागतील ?

३. एका खोलींतील १०० टन कांक्रीटांपैकीं केवळ २ टनांचा वरचा थर दूषित आहे. थर न खरवडतां खोली पाडली तर किती टन माल चरांत न्यावा लागेल, व खरवडून पाडली तर किती ? दोन्ही रीतींतील खर्चाचा व श्रमाचा विचार लिहा.

४. आपल्या घरांतून गेल्या महिन्यांत टाकलेल्या दहा वस्तूंची यादी करा, आणि प्रत्येक वस्तु शेवटीं कोणाच्या दारीं गेली याचा शोध घ्या.